चित्र जागेवरच पुरे करावे, की रेखाटन घेऊन घरी रंगवावे?

अर्धी_वही

नमस्कार मंडळी. बँकेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर गेली दोन वर्षे मी जलरंगात निसर्गचित्रे काढण्याचा प्रयत्न करीत आहे. राहायला कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत असल्यामुळे रंकाळा पायाखालचा. म्हणून बहुतेक सकाळी साडेसहाच्या सुमारास घडीची खुर्ची, पाण्याची बाटली आणि पॅड घेऊन मी तलावाच्या काठी जाऊन बसतो. रेखाटनात पाऊण तास जातो, रंगाला हात घालेपर्यंत सव्वासात होतात आणि साडेआठच्या सुमारास लक्षात येते की, ज्या सावल्या पाहून मी सुरुवात केली होती त्या केव्हाच सरकल्या आहेत. मग मी उजवीकडची सावली नव्याने पाहून घालतो, डावीकडची जुनीच राहते आणि माझ्या चित्रात एकाच वेळी दोन सूर्य उगवतात.

दुसरी अडचण अशी की, जे चित्र तिथे बसलेले असताना स्वच्छ आणि टवटवीत दिसते, ते घरी आणून भिंतीला टेकवले की मळकट आणि काळवंडलेले वाटते. एका मित्राचा सल्ला असा की, मोबाइलवर फोटो काढावा आणि घरी पंख्याखाली निवांत रंगवावे. दुसऱ्याच्या मते हे चित्रकाराला न शोभणारे काम आहे. जाणकारांनी सांगावे : चित्र जागेवरच पुरे करावे, की रेखाटन घेऊन घरी?

जांभा_कातळ

जागेवरच, आणि यात दुसरे मत असण्याचे कारण नाही. मी वीस वर्षे पन्हाळ्यावर आणि मसाई पठारावर चित्रे काढत आहे. तिथला वारा अंगाला लागतो, कागद फडफडतो, पाच मिनिटांत धुके येऊन समोरची दरी पुसून टाकते, आणि या सगळ्याची घाई हातात उतरते. घरी बसून काढलेल्या चित्रात ही घाई नसते. त्यात फक्त नीटनेटकेपणा असतो. चित्र बिघडले तर बिघडू द्यावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. फोटोबद्दल तर बोलूच नये.

गुऱ्हाळाचा_धूर

दोन सूर्य असलेले चित्र मला पाठवावे. आमच्या गावात वीज नसते तेव्हा उपयोगी पडेल.

शाईचा_ठिपका

अर्धी_वही काका, मी शाळेत चित्रकला शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना पंचगंगा घाटावर घेऊन जाते. तुमची पहिली अडचण वेळेच्या वाटणीची आहे. सूर्य आकाशात तासाला पंधरा अंश सरकतो. तुम्ही साडेसहा ते साडेआठ बसलात म्हणजे तो तीस अंश पुढे गेला. दोन तासांपूर्वीची सावली आता त्या जागी असेल कशी? फ्रान्समधील वालाँसिएन या चित्रकाराने १८०० सालीच आपल्या विद्यार्थ्यांना बजावले होते की, उघड्यावरचा अभ्यास फार तर दोन तासांत संपवावा, आणि सूर्योदय किंवा सूर्यास्त असेल तर अर्ध्या तासाच्या वर बसू नये. त्या वेळी तर रंगाच्या ट्यूबसुद्धा नव्हत्या. दाबता येणारी कथलाची ट्यूब १८४१ मध्ये आली, त्यापूर्वी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून नेत असत. इतक्या गैरसोयीत लोक अर्ध्या तासात काम उरकत होते, आणि आपण पाऊण तास नुसत्या पेन्सिलीत घालवतो.

म्हणून मुलांना मी सांगते की, पहिल्या पाच मिनिटांत हाताच्या पंज्याएवढ्या चौकटीत फक्त तीन छटा लावा : सर्वांत उजळ, मधली आणि गडद. सावल्या कुठे आहेत हे त्या चौकटीत एकदा नोंदवले की त्यानंतर समोर काहीही होवो, सावली त्या चौकटीतूनच घ्यायची. समोर पाहायचे ते रंगासाठी, सावलीसाठी नव्हे.

दूरची_टेकडी

जांभा_कातळ यांच्याशी मी सहमत नाही, पण फोटोच्या बाजूने बोलायलाही मी आलो नाही. मी छायाचित्रकार आहे, त्यामुळे फोटो काय खातो हे मला ठाऊक आहे. मोबाइलची नेहमीची भिंग रुंद कोनाची असते. शहरातून जोतिबाचा डोंगर पाहिला तर डोळ्याला तो भरदार वाटतो, आणि तोच फोटोत मुंगळ्याएवढा होतो. दुसरे म्हणजे, उजेड जास्त असला की कॅमेरा सावलीतील सगळा तपशील काळा करून टाकतो. घाटावरच्या काळ्या दगडी देवळांच्या सावलीत डोळ्याला निळा, जांभळा, शेवाळी असा किती रंग दिसतो. फोटोत तिथे नुसता कोळसा असतो. फोटोवरून शिकलेल्या माणसाचे चित्र दुरून ओळखता येते, कारण त्याच्या सावल्या मेलेल्या असतात.

तरीही म्हैस पाण्यात कशी उभी राहते, तिच्या पाठीची रेषा कुठे मोडते, एवढ्यापुरता फोटो जरूर घ्यावा. म्हैस तुमच्यासाठी थांबत नाही.

गुऱ्हाळाचा_धूर

हे खरे नाही. आमची म्हैस थांबते. उलट तिला हलवण्यासाठीच कष्ट पडतात.

एकदा गुऱ्हाळावर एक चित्रकार आला होता. मी त्याच्या मागे उभा राहून पाहत होतो. त्याने चिमणीतून निघणारा धूर सबंध पांढरा-राखाडी रंगवला. मी त्याला म्हटले, "पावणं, जरा बघा की. मागं आंब्याची गर्द झाडं हाइत तितं धूर निळा दिसतोय, आन् वर आभाळावर गेला की तोच मळकट तपकिरी हुतोय." तो माझ्याकडे पाहत राहिला, मग त्याने चष्मा पुसला, आणि मग चित्र बाजूला ठेवून दुसरा कागद घेतला. मला चित्रकलेतले काही कळत नाही, पण चुलवाणात चिपाडे घालत बावीस हंगाम काढले आहेत, तेव्हा धूर तेवढा कळतो.

शाईचा_ठिपका

दादा, तुम्हाला जे दिसले ते सांगायला आम्हाला वर्गात दोन तास लागतात. धुराचे बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून मागे काळोख असला की तो विखुरलेला निळा दिसतो; मागे उजळ आकाश असले की आरपार आलेला, निळा वजा झालेला प्रकाश दिसतो आणि तो तपकिरी असतो. दूरचे डोंगर निळे दिसतात तेही याच कारणाने. हे फोटोत कधी उतरते, कधी नाही, पण डोळ्यासमोर मात्र ते रोज असते.

पडद्यामागचा

चर्चा कोल्हापुरात होत असल्यामुळे एक जुनी गोष्ट आठवली पाहिजे. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून परत आले आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने इथे राहिले. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी रंकाळा, कोटितीर्थ तलाव आणि पंचगंगेचा परिसर इतक्या वेळा रंगवला की, आजही रंकाळ्यातील दगडी संध्यामठाकडे पाहताना आपण अर्धे त्यांच्या डोळ्यांनीच पाहतो. शाहू महाराजांच्या निधनानंतर त्यांनी आपली पुष्कळशी चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, असे इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. टाऊन हॉलच्या संग्रहालयात त्यांची जी चित्रे आहेत ती अर्धी_वही यांनी एकदा हाताची घडी घालून सावकाश पाहावीत. त्यात कुठेही पाण्याची प्रत्येक लाट मोजलेली नाही. पाण्याचा पट्टा सबंध एका दमात ओढलेला आहे आणि काठ तेवढा नेमका आहे.

पण याच गावात दुसरी परंपराही होती, आणि ती जांभा_कातळ यांना आवडणार नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे संगीत नाटकांचे पडदे रंगवत. जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा, हे सगळे छपराखाली बसून, दिव्याच्या उजेडात कसे दिसेल याचा हिशेब करून रंगवलेले असे. त्यांच्या झाडांना वारा लागला नव्हता, तरी प्रेक्षकांना तिथे जंगल दिसत होते. म्हणजे घरी बसून निसर्ग उभा करणे ही लबाडी नसून तो एक वेगळा व्यवसाय आहे, आणि त्यासाठी आधी बाहेर पुष्कळ पाहिलेले असावे लागते.

जांभा_कातळ

पडदा आणि चित्र यांची तुलना मला पटत नाही. पडद्यासमोर नट उभा असतो, त्यामुळे पडद्याने गप्प बसायचे असते. आबालालांचे उदाहरण मात्र माझ्याच बाजूचे आहे, याची नोंद व्हावी.

पडद्यामागचा

नोंद झाली. परंतु त्यांच्या सगळ्या चित्रांतील कोणते जागेवर पुरे झाले आणि कोणते घरी, हे चित्राकडे पाहून आपल्यापैकी कोण सांगू शकेल?

परगावचा_कोल्हापूरकर

पुण्यात बसून वाचत आहे आणि रंकाळ्याची हवा आठवत आहे. कॉलेजात असताना आम्ही चौघे जण रविवारी पहाटे गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन घाटावर जात असू. आमच्यापैकी एकच चित्रकार होता. बाकीचे तिघे त्याच्याभोवती उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना उत्तरे देत. "काय काढाय लागलाय?", "ह्याचं किती मिळतंय?", "ह्यात आमचं घर कुठं हाय?" हे तीन प्रश्न ठरलेले असत. एकदा तालमीतून परतणारा एक पैलवान बराच वेळ पाहत उभा राहिला आणि जाताना फक्त एवढेच म्हणाला की, पूल जरा बारीक झालाय. शिवाजी पुलाच्या कमानी खरोखरच बारीक झाल्या होत्या. मित्राने त्या दुरुस्त केल्या, आणि तो आजही त्या पैलवानाला आपला गुरू मानतो.

मुद्दा सोडून गेलो असेन तर क्षमस्व. पण गर्दीची भीती वाटून घरी बसणाऱ्यांनी घराबाहेर पडावे, एवढेच सांगायचे होते.

ओला_कागद

हवामानाबद्दल कोणीच बोललेले नाही, आणि जलरंगात निम्मे काम हवामान करते. आपल्या जिल्ह्यात तर गगनबावडा आणि शिरोळ या दोन टोकांना दोन वेगळी चित्रे निघतात. एप्रिलमध्ये शिरोळकडे उघड्या शेतात बसलो की, आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचण्याआधीच वाळतो आणि मधोमध कडक रेघ उमटते. यावर उपाय असा की, कापसाचा तीनशे जीएसएमचा (चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा) कागद दोन्ही बाजूंनी भिजवून अ‍ॅक्रिलिकच्या गुळगुळीत पत्र्यावर चिकटवावा. खालून ओल राहते आणि अर्धा तास सहज मिळतो.

जुलैमध्ये गगनबावड्याला याच्या उलट होते. तिथे काहीच वाळत नाही. पहिला थर ओला असताना दुसरा दिला की फुलकोबीसारखे डाग फुटतात. मी गाडीत बसून, काच अर्धी खाली करून रंगवतो आणि कागद वाळवायला गाडीचा ब्लोअर लावतो. पावसाळ्यात वह्या कपाटात बंद करून ठेवू नयेत, बुरशीचे ठिपके पडतात आणि तिथे रंग शाईसारखा शोषला जातो. आणखी एक : काही कंपन्यांच्या जलरंगांत ओलावा टिकावा म्हणून मध घातलेला असतो. अशी पेटी रानात उघडी ठेवली, तर मुंग्या येतात.

गुऱ्हाळाचा_धूर

मध कशाला? आमच्याकडून काकवी न्यावी. मुंग्यांची सोय आधीच झालेली आहे.

शाईचा_ठिपका

अर्धी_वही काका, आपण सगळे पहिल्या अडचणीवरच बोलत राहिलो. तुमच्या दुसऱ्या अडचणीबद्दल एक प्रश्न विचारते. तुम्ही तलावाकाठी बसता तेव्हा ऊन तुमच्या कागदावर पडलेले असते, की कागद सावलीत असतो?

अर्धी_वही

सर्वांचे मनापासून आभार. ताई, मी पाण्याकडे तोंड करून बसतो. सूर्य पाठीमागून, शहराच्या बाजूने वर येतो. सातनंतर ऊन थेट कागदावर असते. सकाळचे कोवळे ऊन म्हणून मला ते बरेच वाटते.

शाईचा_ठिपका

मग काळवंडण्याचे कारण तेच आहे. उन्हातला पांढरा कागद इतका चकाकतो की, त्यावर लावलेला प्रत्येक रंग डोळ्याला फिका वाटतो. तुम्ही नकळत गडद लावत जाता, पुन्हा गडद लावता, आणि तिथल्या झगझगीत उजेडात ते चित्र बरोबर दिसते. घरातल्या मंद उजेडात तोच रंग मेल्यासारखा दिसतो. कागद आणि रंगाची थाळी, दोन्ही सावलीत आली पाहिजेत. छत्री वापरणार असाल तर लाल-निळ्या रंगाची वापरू नका, तिच्यातून गाळून आलेला उजेड कागदाला रंगवतो. काळी छत्री उत्तम. आणि जलरंग वाळल्यावर एक छटा उजळतो, तेवढी सूट धरून लावा.

ओला_कागद

हे लाखमोलाचे आहे. माझी पहिली पाच वर्षांची चित्रे याच कारणाने कोळशाच्या वखारीसारखी दिसतात, आणि मी इतकी वर्षे दोष कागदाच्या कंपनीला देत होतो.

दूरची_टेकडी

आता मूळ प्रश्नाकडे येऊन माझे मत मांडतो. जागेवर आणि घरी, ही जी वाटणी आपण धरून बसलो आहोत तिच्यात रेखाटनाला कच्चा माल समजले जाते, आणि माझ्या मते चूक तिथे आहे. इंग्लंडच्या कॉन्स्टेबलने १८२१ आणि १८२२ मध्ये हॅम्पस्टेडच्या टेकडीवर नुसत्या ढगांचे अभ्यास केले. तैलरंगात, छोट्या कागदांवर, आणि मागच्या बाजूला तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा अशी टिपणे लिहिली. त्या कागदांत झाड नाही, घर नाही, बऱ्याच ठिकाणी क्षितिजही नाही. ते पुढे मोठ्या चित्रात वापरले गेले की नाही हा प्रश्न वेगळा. पण त्या वीस-तीस मिनिटांत त्याला जे पाहायचे होते ते पाहून झाले होते. तो कागद तिथेच पुरा झाला होता.

घरी काढायचे चित्रही तसेच स्वतंत्र असावे. ते रेखाटनाची मोठी नक्कल झाले की फसते. रेखाटनात ब्रशच्या एका फटकाऱ्याने आलेले झाड घरी पानापानाने रंगवले, की त्यातला जीव जातो, हा अनुभव इथल्या प्रत्येकाला असेल.

जांभा_कातळ

या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत आहे, आणि मला त्याचे वाईट वाटत आहे.

माझ्याकडे पन्हाळ्याचे एक मोठे तैलचित्र आहे. ते घरी काढलेले आहे, हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. गडाच्या 'तीन दरवाजा' नावाच्या वेशीच्या बाजूने दिसणारा कडा आहे आणि खाली पावसाने ओली झालेली तांबडी वाट. सहा पावसाळे तिथे छोटे कागद रंगवले होते, त्यामुळे घरी काढताना एकही कागद समोर ठेवावा लागला नाही. पण ते सहा पावसाळे वजा करून हे चित्र निघाले असते, असे कोणी म्हणू नये.

पडद्यामागचा

असे कोणी म्हटलेले नाही. ते चित्र मात्र दाखवावे.

परगावचा_कोल्हापूरकर

चंद्रकांत मांडरे यांचे राजारामपुरीतले संग्रहालय पाहिले नसेल त्यांनी तेही पाहावे. चित्रपटातले एवढे मोठे नाव, आणि जन्मभर निसर्गचित्रांचा नाद सुटला नाही. लहानपणी वडिलांबरोबर तिथे गेलो होतो तेव्हा सिनेमातला नट चित्रेही काढतो याचेच नवल वाटले होते; आता वाटते की पाहण्याची सवय दोन्हीकडे तीच होती.

अर्धी_वही

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. उशिराबद्दल क्षमा असावी.

ताईंच्या सांगण्याप्रमाणे काळी छत्री खुर्चीला सुतळीने बांधली. पहिल्या दिवशी वाऱ्याने ती उलटी झाली आणि केंदाळ काढणाऱ्या कामगारांनी ती पाण्यातून काढून दिली. दुसऱ्या दिवसापासून ती दगड बांधून स्थिर केली. कागद सावलीत आल्याबरोबर फरक दिसला. घरी आणलेले चित्र पहिल्यांदाच सकाळचे वाटले, आणि पत्नीने ते न विचारता दिवाणखान्यात नेऊन ठेवले.

त्यानंतर दहा दिवस एकाच जागी, सकाळी सात ते साडेसात, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर संध्यामठ आणि त्यामागचे पाणी एवढेच काढले. मोने या चित्रकाराने गवताच्या गंजी वेगवेगळ्या उजेडात पुन्हापुन्हा रंगवल्या हे वाचले होते, परंतु ते हट्टापायी केले असेल असे वाटत असे. चौथ्या दिवशी समजले की मठाचा दगड काळा नाहीच. सातला तो जांभळट असतो, सव्वासातला त्याच्या एका कडेवर मधासारखा पिवळा रंग चढतो, आणि साडेसातला तो पुन्हा साधा दगड होतो. मागच्या बाजूला तारीख, वेळ आणि वारा लिहीत आहे. दोन कागदांवर फक्त "ढगाळ, काही दिसले नाही" एवढेच लिहिले आहे, पण तेही ठेवून दिले आहेत.

मोठे चित्र मी अजून घरी सुरू केलेले नाही. मोबाइलमध्ये त्या जागेचे चाळीस फोटो होते, त्यातला म्हशीचा एक ठेवून बाकीचे पुसले.

गुऱ्हाळाचा_धूर

म्हैस कोणाची आहे त्याची चौकशी करून ठेवतो.

शाईचा_ठिपका

काका, येत्या रविवारी मी मुलांना घेऊन घाटावर येणार आहे. साडेसहाला. तुमचे ते दहाही कागद घेऊन या, ढगाळ दिवसांचे दोन धरून. मुलांना तेच आधी दाखवायचे आहेत.

ओला_कागद

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी चढले आहे, घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या असतील. वरच्या बाजूला बसावे लागेल, आणि काळ्या छत्र्या जास्त आणाव्यात.